टेक्सास, पिस्तूल आणि मी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची सांगलीची. २००४ पासून डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते. वय सत्तेचाळीस, दोन मुलं, एक नवरा, आणि एका औषधांच्या दुकानात संध्याकाळची पाळी. सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा पिस्तूल हातात घेतलं. तेव्हापासून हळदीकुंकू असो की कुणाच्या मुलाचा वाढदिवस, कुणीतरी मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गाठतं आणि आवाज खाली करून विचारतं, "खरं का गं?" त्या कोपऱ्यातल्या प्रश्नांची ही उत्तरं. मी वकील नाही. कायद्याचं जे लिहिलंय ते टेक्सासचं आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचं आहे. तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर तिथलं वेगळं असणार, हे धरूनच वाचा.

तू या फंदात पडलीस कशी?

शेजारच्या आजींमुळे. निवृत्त शाळामास्तरीण, वय अडुसष्ट, दर मंगळवारी संध्याकाळी हातात एक लांबट पिशवी घेऊन गाडीत बसायच्या. मला वाटायचं योगासनांची चटई असेल. एकदा विचारलं, तर म्हणाल्या की मंगळवारी नेमबाजीच्या रेंजवर बायकांना लेन फुकट असते, चल.

गेले. बंद खोली, काँक्रीटच्या भिंती, जळक्या फटाक्यासारखा वास, आणि कानावर आवाज अडवणारे मफ असूनही शेजारच्या लेनमधला प्रत्येक आवाज छातीत बसत होता. आजींनी माझ्या हातात पॉइंट टू-टूचं, म्हणजे बारीक गोळीचं, लांब नळीचं पिस्तूल दिलं. मॅगझिनमध्ये एकच गोळी भरली. फक्त एक. पुढे मी स्वतः नव्या बायकांना घेऊन जायला लागले तेव्हा कळलं, की हे शहाणपण आहे. पहिल्या बारानंतर माणूस दचकून मागे वळतो, आणि वळताना पिस्तूलही त्याच्याबरोबर वळतं. आत दुसरी गोळी नसलेली बरी.

कागदाला भोक पडलं, खाली डावीकडे. कुठेतरी लागलं याचाच मला इतका आनंद झाला की दहा मिनिटांत घरी जायचं ठरवलेली मी सव्वा तास उभी होते. त्या सव्वा तासात डोक्यात ना डबा होता, ना मुलाचं गणित, ना सासूबाईंची औषधं. तिथे दुसरा विचार करून चालतच नाही. खरं सांगायचं तर मी अजूनही त्यासाठीच जाते.

म्हणजे ते ऑलिंपिकमधलं, मनू भाकरसारखं?

नाही. ते एका हाताने, दहा मीटरवरून, छर्‍याच्या पिस्तुलाने. तिथे दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. आमचं दोन्ही हातांनी धरून, चांगलं ताटाएवढं लक्ष्य. तिच्या पाण्यात आमचं पोहणं नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, नेमबाजीत ते मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. सांगलीपासून कोल्हापूर तासाभरावर, आणि मला मात्र पिस्तूल धरायला टेक्सास गाठावं लागलं, याची रुखरुख आहे. तुम्ही पुण्या-मुंबईत किंवा कोल्हापुरात असाल आणि मुलीला शिकवायचं असेल, तर एअर पिस्तुलापासूनच सुरुवात करा. तो खेळ जास्त कठीण आहे आणि जास्त सुंदरही.

माझा एच-वन व्हिसा आहे. मी येऊ का रेंजवर?

हा प्रश्न कुणी विचारत नाही. खरं तर सगळ्यात आधी हाच विचारायला हवा.

केंद्रीय कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायचं नाही. एच-वन, एच-फोर, एल-वन, एफ-वन, सगळे त्यात आले. आणि "बाळगणं" म्हणजे विकत घेणंच नव्हे, रेंजवर भाड्याचं पिस्तूल तासभर हातात धरणंही त्यात येऊ शकतं. रेंजवाले ड्रायव्हिंग लायसन्स बघतात, सही घेतात आणि आत सोडतात. त्यांनी सोडलं म्हणजे कायद्याने सोडलं असं नाही.

यातून एक अधिकृत वाट आहे. शिकारीचा परवाना. चालू शिकार-परवाना असेल तर ही बंदी लागत नाही. तो राज्याच्या वन्यजीव खात्याकडून मिळतो आणि टेक्सासमध्ये दरवर्षी ऑगस्टअखेर संपतो. आयुष्यात ज्याने डास सोडून काही मारलं नाही अशा देशस्थ इंजिनिअरच्या पाकिटात हरणाच्या शिकारीचा परवाना मी पाहिलाय, आणि तो तिथे असण्याचं कारण हेच. पण ग्रीन कार्डची फाइल चालू असताना या वाटेने जायचं का, हे आधी आपल्या इमिग्रेशन वकिलाला विचारा. मला विचाराल तर मी थांबा म्हणेन. रेंज कुठे पळून जात नाही.

ग्रीन कार्ड झालं की तुम्ही दुकानातून घेऊ शकता. २१ वर्षं पूर्ण हवीत, दुकानदार केंद्राचा चार-चार-सात-तीन नंबरचा फॉर्म भरून घेतो आणि तुमची पार्श्वभूमी तपासतो. फॉर्मवर गांजाबद्दलही प्रश्न आहे. कोलोरॅडोत दुकानात मिळतो म्हणून तिथे "नाही" लिहिणारे लोक आहेत. केंद्राच्या लेखी तो अजून बेकायदा आहे, आणि त्या फॉर्मवर खोटं लिहिणं हा गंभीर गुन्हा आहे. ज्यांचं नागरिकत्व व्हायचंय त्यांनी असले खेळ करू नयेत.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. बाबांना एकदा पिस्तूल चालवायला देऊन फोटो काढला तर?

बी-टू, म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा, तोही नॉन-इमिग्रंटच. वरचंच उत्तर. हे सगळे करतात, फेसबुकवर टाकतातही, मला माहीत आहे. बाबांना काउबॉयांचा रोडिओ दाखवा.

तसंच घरात एफ-वनवर शिकायला आलेला भाचा राहत असेल तर तिजोरीचा आकडा त्याला माहीत नसावा. त्याच्या हाताला पोहोचेल अशा ठिकाणी पिस्तूल असेल तर अडचण त्याची होते, आणि तुमचीही होऊ शकते.

हात दुखतो का? झटका किती बसतो?

आवाजाची भीती जास्त असते, झटक्याची कमी. आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो, म्हणून मी कानात फोमचे बोळे घालते आणि त्यावर मफ. दोन्ही. हे केलं की निम्मी भीती तिथेच जाते.

झटक्याचं गणित सगळ्यांचं उलटं असतं. बायकांना वाटतं, लहान पिस्तूल म्हणजे सोपं. दुकानातला विक्रेताही नेमकं तेच काउंटरवर ठेवतो: पाच गोळ्यांचं, हलकंफुलकं, आखूड नळीचं पॉइंट थर्टी-एट रिव्हॉल्व्हर, जमल्यास गुलाबी मुठीचं. "हे बघा, तुमच्या हातात किती छान बसतंय." बसतं छान, पण चालवलं की मनगटाला झिणझिण्या येतात, कारण धक्का खायला त्या पिस्तुलात वजनच नाही. तेवढीच गोळी जड पिस्तुलातून मारली तर धक्का पिस्तूल खातं. माझ्या ओळखीच्या दोघींनी असं रिव्हॉल्व्हर घेतलं, एकदा चालवलं, आणि आता ते कपाटात पडून आहे.

मग कोणतं घ्यावं?

आधी काहीच घेऊ नये. रेंजवर भाड्याने पाच-सहा मिळतात, ती सगळी चालवून बघा. पहिले दोन-तीन महिने पॉइंट टू-टू. गोळी स्वस्त, धक्का नगण्य, चुका स्पष्ट दिसतात. त्यानंतर नाइन एमएम, मध्यम आकाराचं. माझं ग्लॉक नाइन्टीन आहे. रिकामं असताना सव्वासहाशे-साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. दिसायला अगदी रुक्ष, किसणीला जास्त नक्षी असते.

ज्यांच्या बोटांना संधिवात आहे त्यांच्यासाठी हलक्या स्प्रिंगची पिस्तुलं येतात. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी त्यातलंच. आमच्या शेजारच्या आजी तेच वापरतात.

मला ती पिस्तुलाची वरची सरकणारी स्लाइड ओढताच येत नाही. ताकद कमी पडते.

ताकद कमी पडत नाही, पद्धत चुकते. सगळ्या बायका स्लाइड मागे ओढायला जातात. तसं करू नका. पिस्तूल छातीजवळ आणा, डाव्या हाताने स्लाइड वरून घट्ट पकडून ठेवा आणि उजव्या हाताने खालचा भाग जोरात पुढे ढकला. पाट्यावर वरवंटा ढकलतो तसं, अंगाचं वजन टाकून. पहिल्याच प्रयत्नात होतं.

फक्त एक लक्षात ठेवा. जोर लावताना बायका कमरेतून वळतात, आणि नळी शेजारच्या लेनमधल्या माणसाकडे जाते. मीही हे केलंय. रेंज अधिकाऱ्याने असा आवाज चढवला की त्यानंतर आठवडाभर मी गेले नाही. तो शंभर टक्के बरोबर होता.

सुरक्षेचे चार नियम आहेत, जेफ कूपर या मरीन अधिकाऱ्याने रुळवलेले. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं समजा. जे नष्ट करायची तयारी नाही त्यावर नळी रोखू नका. नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरवर नको. आणि लक्ष्य काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे माहीत असू द्या. निदान दोन एकाच वेळी मोडल्याशिवाय सहसा माणूस मरत नाही, असं माझा शिक्षक म्हणायचा. आणि एक मोडायला सेकंद पुरतो, हेही.

माझ्या सगळ्या गोळ्या खाली डावीकडे जातात. पिस्तूल वाकडं आहे का?

पिस्तूल सरळ आहे. उजव्या हाताने मारणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नवशिक्याच्या गोळ्या तिकडेच जातात. आवाज येणार हे मेंदूला आधीच कळतं आणि मनगट क्षणभर आधी खाली झुकतं. यावर औषध असं: मैत्रिणीला तुमच्या मॅगझिनमध्ये मधेच एखादी खोटी, बाराशिवायची गोळी घालायला सांगा. कुठली खोटी ते तुम्हाला माहीत नको. ती आली की बार होत नाही, पण पिस्तूल मात्र फडकन खाली जातं आणि आपली लबाडी आपल्यालाच दिसते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा लाजून हसले.

ट्रिगर दाबायचा म्हणजे काय, हे मला इंग्रजीत किती समजावलं तरी कळत नव्हतं. मग एक दिवस गणपतीच्या आदल्या रात्री मोदकाच्या कळ्या काढताना कळलं. पारी फाटू नये म्हणून बोटाच्या टोकाने आपण जसा दाब देतो, हळूहळू वाढवत, कधी पुरेसा झाला ते बोटालाच कळतं, तोच दाब. उकड नीट जमणाऱ्या बाईला ट्रिगर जमायला वेळ लागत नाही, हे मी आता छातीठोकपणे सांगते.

आणि नजर पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर. लक्ष्य धूसर दिसलं पाहिजे. चाळिशीचा चष्मा असेल तर जरा त्रास होतो. डॉक्टरला हाताच्या अंतराचा नंबर काढून मागा.

खर्च?

लेनचे साधारण वीस-तीस डॉलर, पन्नास गोळ्यांची नाइन एमएमची पेटी पंधराच्या आगेमागे, पिस्तूल चारशे ते सहाशे. गोळ्यांमध्ये पैसे जातात. महिन्यातून दोनदा गेलं तर साधारण एका बऱ्यापैकी जिमएवढं.

टेक्सासमध्ये परवाना लागतच नाही म्हणतात. मग तू का काढलास?

बरोबर. १ सप्टेंबर २०२१ पासून, २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला पिस्तूल जवळ ठेवायला टेक्सासमध्ये परवाना लागत नाही. तरी परवाना बंद झालेला नाही, हवा त्याने काढावा. मी काढला त्याची तीन कारणं.

पहिलं, शाळा. केंद्रीय कायद्याने शाळेभोवतीच्या हजार फुटांत पिस्तूल नेता येत नाही, राज्याचा परवाना असलेल्याला सूट आहे. आमच्या वस्तीत कुठूनही कुठेही जायचं तर एक शाळा वाटेत येतेच. दुसरं, शेजारच्या बऱ्याच राज्यांत टेक्सासचा परवाना चालतो. तिसरं आणि खरं म्हणजे, परीक्षा. वर्ग चार ते सहा तासांचा, पंचवीस प्रश्नांचा लेखी पेपर, बोटांचे ठसे, चाळीस डॉलर फी. मग पन्नास गोळ्या: वीस तीन यार्डांवरून, वीस सात यार्डांवरून, दहा पंधरा यार्डांवरून. अडीचशेपैकी एकशे पंच्याहत्तरला पास. सात यार्ड म्हणजे आमच्या सोफ्यापासून अंगणाच्या दारापर्यंत. सोपी आहे, मला दोनशे अडतीस पडले. पण त्या वर्गात निम्म्याहून जास्त वेळ पिस्तुलावर नव्हे, तर ते कधी बाहेर काढायचं नाही यावर गेला. हे ज्यांनी कधी ऐकलं नाही ते लोकही आज कमरेला लावून फिरतात, आणि हे मला पटत नाही. टेक्सासमध्ये हे बोलणं म्हणजे नागपुरात सावजी तिखट लागतं म्हणण्यासारखं आहे, पण आहे हे असं आहे.

तू रोज जवळ बाळगतेस?

नाही. आणि याचं उत्तर मला जरा सविस्तर द्यायचंय, कारण सगळ्यांचा समज इथेच चुकतो.

रेंजवर जाणं ही एक गोष्ट आहे आणि जवळ बाळगणं ही दुसरी. मी पहिली करून दोन वर्षं झाली तरी दुसरी मनातही नव्हती. मग कामाची पाळी बदलली. दुकान रात्री अकराला बंद व्हायचं. शटर ओढून मागच्या दाराने बाहेर पडायचं, आणि कर्मचाऱ्यांच्या गाड्या लावायच्या जागेपर्यंत साठ पावलं. मोजलेली आहेत. मध्ये कचऱ्याचा मोठा डबा आणि एक बंद पडलेला दिवा. एका रात्री त्या डब्यामागून एक माणूस निघाला आणि माझ्या मागे चालत आला. मी गाडीत बसून दार लावलं, तेव्हा तो काचेजवळ उभा होता. काही बोलला नाही. मी निघून आले. एवढंच. पण दुसऱ्या आठवड्यात मी परवान्याच्या वर्गाला नाव घातलं.

परवाना आला, कमरेला पिस्तूल अडकवायचं होल्स्टर आलं. मग कामाच्या ठिकाणचं नियमांचं पुस्तक काढून वाचलं. दुकानाच्या आत कर्मचाऱ्याने हत्यार आणायचं नाही. टेक्सासचा कायदा मालकाला ते अधिकार देतो. पार्किंगमध्ये, कुलूपबंद गाडीत ठेवायला मात्र मालक मनाई करू शकत नाही, २०११ पासून. म्हणजे पिस्तूल गाडीत, मी दुकानात. रात्री अकराला ज्या साठ पावलांसाठी मी हे सगळं केलं, त्या साठ पावलांत ते माझ्याजवळ नसतंच.

नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला, मग गप्प झाला. आता काय करते? मी आणि दुकानातली सहकारी, आम्ही दोघी एकत्र शटर ओढतो आणि एकत्र निघतो. बंद दिव्याची तक्रार मी चार वेळा केली, पाचव्यांदा दिवा आला. गाडी दाराजवळच्या जागेत लावते. त्या रात्रींनंतर जो फरक पडला तो यातल्या कशाने पडला असेल, तर दिव्याने.

लांबच्या एकट्या प्रवासात, ह्यूस्टनला किंवा लबकला जाताना, जवळ असतं. बाकी बहुतेक दिवस घरच्या तिजोरीत. गाडीत रात्रभर कधीच ठेवत नाही. गाड्या फोडून चोरलेली पिस्तुलं कुणाच्या हातात जातात ते सांगायला नको. कामाच्या वेळापुरतंही सीटखाली तारेने बांधलेल्या लोखंडी पेटीत.

साडीवर किंवा पंजाबी ड्रेसवर कुठे ठेवतात?

साडीवर ठेवत नाहीत. निऱ्या की पिस्तूल, एक काय ते ठरवा. सैल कुर्त्याखाली पोटाला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, त्यात चालतं. जीन्सवर पट्टा आणि उजव्या कमरेला होल्स्टर सगळ्यात बरं. होल्स्टर कडक हवं आणि ट्रिगर पूर्ण झाकणारं.

पर्समध्ये ठेवू नका. दुकानात पर्स ट्रॉलीवर ठेवतो, पार्टीत पलंगावर टाकतो, स्वच्छतागृहात दाराच्या खुंटीला लावतो. आणि पर्समध्ये हात कोण घालतं? बिस्किट शोधणारं पोर. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोत एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समध्ये हात घातला आणि आई जागीच गेली. त्या बाईचा परवाना होता, पर्सलाही पिस्तुलासाठी खास कप्पा होता. हे वाचल्यावर मी पर्सचा विषय संपवला.

घरात मुलं आहेत, भीती वाटत नाही?

वाटते. वाटलीच पाहिजे. भिंतीला बोल्टने बसवलेली तिजोरी, आकडा फक्त मला आणि नवऱ्याला. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागलं तर मोठ्या माणसावर गुन्हा होतो. पण गुन्ह्याची भीती हे कारणच नव्हे. इथल्या घरांच्या भिंती म्हणजे जिप्समचे पत्रे. एका खोलीत उडालेली गोळी दुसऱ्या खोलीत जाते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लोकांत कुणी बोलत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. चोर-दरोडेखोर नंतर. घरात कुणाचं मन ठिकाणावर नसेल, नोकरी गेली असेल, मुलगा खोलीतून बाहेर येत नसेल, तर पिस्तूल घराबाहेर काढा. आमच्याकडे एका वर्षी असा काळ आला होता. कुणाचा ते सांगत नाही. तिजोरी रिकामी करून पाच महिने सगळं शेजारच्या आजींकडे ठेवलं होतं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

कुठे नेता येत नाही?

शाळा, मतदान केंद्र, कोर्ट, केंद्र सरकारच्या इमारती, विमानतळाचा तपासणीपलीकडचा भाग, शाळा-कॉलेजचे आणि व्यावसायिक सामने. ज्या बारची निम्म्याहून जास्त कमाई दारूची, तिथे लाल अक्षरांत ५१% अशी पाटी असते, तिथेही नाही. शिवाय कुठलाही मालक ३०.०६ क्रमांकाची पाटी लावून परवानावाल्यालाही बंदी घालू शकतो. एक इंच उंचीची अक्षरं, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत. देवळांच्या दारात ही पाटी पुष्कळदा दिसते. पाटी नसली तरी मी देवळात आणि गणपतीच्या मांडवात नेत नाही. चपला बाहेर काढतो तिथे हे आत कसलं न्यायचं.

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे न्यू जर्सी. आपली निम्मी माणसं तिथल्या एडिसनला. टेक्सासचाच काय, कुठल्याही दुसऱ्या राज्याचा परवाना तिथे चालत नाही. २०१३ साली शेजारच्या पेन्सिल्व्हेनियाचा परवाना असलेल्या एका आईने तिथे गाडी अडवणाऱ्या पोलिसाला प्रामाणिकपणे सांगितलं, की माझ्याजवळ पिस्तूल आहे. तिला अटक झाली, काही वर्षांची सक्तीची शिक्षा डोक्यावर होती; शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिली म्हणून सुटली. चुलत भावाच्या मुंजीला एडिसनला जाताना पिस्तूल घरीच.

भारतात जाताना काही काळजी?

रेंजवर नेलेली पिशवी प्रवासाला कधीही वापरू नका. कधीही. कोपऱ्यात, अस्तराच्या आत, एखादी गोळी राहतेच. अमेरिकेतल्या तपासणीत ती निसटू शकते आणि मुंबईला क्ष-किरण यंत्रात दिसते. मग "जिवंत काडतूस सापडलं" अशी बातमी, १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा, पासपोर्ट अडकतो, परतीचं तिकीट वाया. जाणूनबुजून बाळगलं नव्हतं हे दिसल्यावर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केलेले आहेत, पण तोवर महिने जातात, आणि रजा तीन आठवड्यांची असते. माझी रेंजची पिशवी भडक केशरी आहे. चुकूनही तिच्यात कुणी चिवडा भरणार नाही.

कधी वापरावं लागलं?

नाही, आणि देवाने तसंच ठेवावं. पण जवळ असताना माझं वागणं बदलतं, हे खरं. एकदा हायवेवर एका पिकअपवाल्याने मला कट मारला, वर हाताने खाणाखुणा केल्या. एरवी मी सांगलीच्या शिव्या काच खाली करून दिल्या असत्या. त्या दिवशी कमरेला पिस्तूल होतं. मी हात हलवून सॉरी म्हटलं आणि पुढच्या एक्झिटला उतरले. आपण भांडण वाढवलं आणि मग ते काढावं लागलं, तर स्वसंरक्षण कुठे संपतं आणि काय सुरू होतं ते ठरवायला बारा माणसांची ज्युरी बसते. मुलगी शेजारच्या सीटवर होती. म्हणाली, "आई, तू आजारी आहेस का?"

घरचे काय म्हणाले?

आईला मी दोन वर्षं सांगितलं नव्हतं. मुलाने व्हिडिओ कॉलवर फोडलं.

"आजी, आई शूटिंगला गेलीय."

"कसलं शूटिंग? सिरियलचं?"

तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मुलाने पाहिला आणि बिचाऱ्याला खरं सांगवेना. संध्याकाळी मी सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ऊसतोडीचा कोयता आम्ही वरच्या फळीवर ठेवायचो, तुम्ही पोरं लहान होता म्हणून. तुझं ते कुठं ठेवतीस?" पहिला प्रश्न हा. लोक काय म्हणतील हा तिसरा होता.

नवरा अजून एकदाही रेंजवर आलेला नाही. त्याला आवाज सहन होत नाही. तिजोरीचा आकडा मात्र त्यानेच ठरवलाय, आमच्या लग्नाची तारीख सोडून काहीतरी, कारण ती त्याला आठवत नाही.

गरोदर असताना चालेल?

नको. बाळाच्या कानाला मफ लावता येत नाही, आणि बारामधून शिशाची धूळ उडते.

एकदा येऊन बघायचंय. काय आणू, काय घालू?

ओळखपत्र. पुढून बंद असलेले बूट. केस बांधलेले. ओढणी घरी. आणि गळा बंद असलेला टी-शर्ट, ही विनंती नाही. गोळीची रिकामी पुंगळी उजवीकडून उडून बाहेर पडते आणि तापलेल्या तव्यासारखी असते. माझ्या दुसऱ्याच फेरीत एक कुर्त्याच्या गळ्यातून आत गेली. अशा वेळी नाचायचं नाही. पिस्तूल समोरच ठेवायचं, नळी समोर, बोट बाहेर, खाली ठेवून द्यायचं आणि मग काय नाचायचं ते नाचा. डाग अजून आहे, चवलीएवढा.

लेनवर काही खायचं-प्यायचं नाही. बाहेर आल्यावर हात गार पाण्याने, साबण लावून धुवायचे; गरम पाण्याने शिसं कातडीत जास्त मुरतं असं रेंजवाले सांगतात. कपडे वेगळे धुवायचे. मंगळवारी सहाला मी आणि आजी निघतो, गाडीत मागे दोन जागा असतात. येताना चहाचा थर्मास मी आणते.